पतंग, घार आणि दोरा

मराठीत 'पतंग' म्हणजे दोऱ्यावर उडतो तो, आणि दिव्यावर झेपावतो तोही. इंग्रजीत 'काइट' म्हणजे कागदाचा पतंग, आणि 'काइट' म्हणजे आपली घार. उडणाऱ्या कशालाही माणसाने फारसा विचार न करता एकमेकांची नावं देऊन टाकलेली दिसतात. एरवी ही भाषेची गंमत म्हणून सोडून दिली असती. पण लखनौच्या पोस्टिंगवर आल्यापासून हे तिघं मला वर्षातून एकदा एकाच आकाशात दिसतात, आणि त्या दिवशी गंमत फार वेळ टिकत नाही.

आपल्याकडे पतंग संक्रांतीचा. येवल्याच्या आसाऱ्या, नागपूरच्या गच्च्या, तिळगूळ आणि काटाकाटी. लखनौत मात्र पतंगाचा मोठा दिवस दिवाळीचा दुसरा दिवस. त्याला इथे 'जमघट' म्हणतात. रात्रभर फटाके झाले की सकाळपासून जुन्या शहरातल्या गच्च्या भरतात आणि संध्याकाळपर्यंत "वो काटा!" चालू असतं. पतंगाला इथे 'कनकौवा' हा खास शब्द आहे. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौवर जे पुस्तक लिहिलं, त्यात कोंबड्यांच्या झुंजी, कबुतरबाजी आणि पतंगबाजी यांना शायरी आणि खाण्यापिण्याच्या बरोबरीने जागा आहे. म्हणजे हा पोरखेळ नाही, शहराचा इतिहास आहे. हे आधीच मान्य करतो, कारण पुढे मी जे म्हणणार आहे ते पतंगाच्या विरोधात नाही. ते दोऱ्याच्या विरोधात आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: 'नायलॉन मांजा वाईट, सुती मांजा चालतो' ही जी तडजोड आपण सगळ्यांनी मनाशी करून ठेवली आहे, ती पंख म्हणजे काय हे न समजल्यामुळे केलेली आहे. पंख कसा चालतो हे एकदा नीट पाहिलं की कापणारा कुठलाच दोरा आकाशात सोडावासा वाटत नाही. म्हणून आधी पंखांबद्दल बोलू. मंडळी, थोडा धीर धरा, विषय रंजक आहे.

वल्हवणं नव्हे

बहुतेकांची समजूत असते की पक्षी हवेत वल्ही मारतो. पंख खाली दाबला की वर जातो, मागे ढकलला की पुढे जातो. प्रत्यक्षात पंखाची दोन कामं दोन वेगळे भाग करतात. पक्ष्याचा पंख हा त्याचा हातच आहे: दंड, कोपर, पुढचा हात, मनगट आणि जोडली गेलेली बोटं. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग मुख्यतः वजन उचलून धरतो, विमानाच्या पंखासारखा. मनगटाच्या पुढचा 'हात', त्यावरची लांब पिसं, हा पंखा. खाली येताना तो पुढेही झुकतो, पिसं किंचित पिळली जातात आणि हवा मागे ढकलली जाते. वर जाताना पंख अर्धा मिटतो, म्हणजे हवेचा विरोध कमी होतो. विमानात पंख वेगळा आणि इंजिन वेगळं असतं. पक्ष्याकडे दोन्ही एकाच हातात.

आता गंमत बघा. पंख खाली ओढणारा स्नायू छातीत असणार हे उघड आहे. चांगल्या उडणाऱ्या पक्ष्यात तो शरीराच्या वजनाच्या पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत जातो. पण पंख वर उचलणारा मुख्य स्नायू पाठीत असेल असं वाटतं, तर तोही छातीतच, पहिल्याच्या आत दडलेला. त्याची नाडी खांद्याच्या हाडांमधल्या एका भोकातून वर जाते आणि दंडाच्या हाडाला वरच्या बाजूने जोडलेली असते. म्हणजे सरळ सरळ कप्पी. विहिरीवर उभा राहून आपण दोर खाली ओढतो आणि बादली वर येते, तसं. सगळं जड सामान शरीराच्या तळाशी ठेवायचं, म्हणजे तोल जात नाही. गाडीत लोड कसा भरायचा हे ज्याने जवानांना शिकवलंय त्याला हे चटकन पटेल.

पंखाच्या अंगठ्यावर दोन-चार छोटी पिसं असतात. घार झाडावर उतरताना वेग कमी करते, पंख जास्त कलता होतो, आणि आता हवा वरच्या बाजूने सुटणार, पक्षी दगडासारखा पडणार, अशा क्षणी हा अंगठा वर उचलला जातो. त्या फटीतून हवा जोराने जाते आणि पंखाला चिकटून राहते. विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेला उतरताना जी फट उघडते, तिचं काम हेच. खडकवासल्याला आम्हाला ग्लायडर पाहताना 'स्टॉल' हा शब्द शिकवला गेला. घारीला तो कुणी शिकवला नसावा.

दिलकुशावरच्या घारी

लखनौ छावणीत दिलकुशा कोठीचे पडके अवशेष आहेत. भोवती बाग, मोठी झाडं. सकाळी फिरायला गेलं की घारी फांद्यांवर बसलेल्या असतात, थंडीत फुगून. आठ-साडेआठपर्यंत हलत नाहीत. आमच्या सुभेदार साहेबांचं मत असं की त्या आळशी आहेत. तसं नाही. त्या जमीन तापायची वाट बघत असतात. ऊन लागलं की परेड ग्राउंड, डांबरी रस्ते, पत्रे तापतात, त्यावरची हवा हलकी होऊन खांबासारखी वर चढू लागते. मग एकेक घार उठते, दहा-बारा वेळा पंख मारते, खांबात शिरते, आणि नंतर पंख हलवायचं कारणच उरत नाही. ती नुसती गोल फिरत राहते आणि खांब तिला वर नेतो. पुरेशी उंची आली की घसरत पुढे, दुसऱ्या खांबाकडे. पेट्रोल शून्य.

या उड्डाणासाठी पंखाचं टोक महत्त्वाचं. घारीच्या पंखांचा पसारा दीड मीटरच्या आसपास आणि वजन किलोपेक्षा कमी. टोकाची पिसं बोटांसारखी वेगळी पसरलेली असतात. पंखाच्या टोकाशी खालची दाबाची हवा वर पळायला बघते आणि भोवरा तयार होतो. तो भोवरा म्हणजे फुकट गेलेली ताकद. एका मोठ्या भोवऱ्याऐवजी पाच-सहा लहान करून टाकले की नुकसान कमी. आजच्या विमानांच्या पंखांची टोकं वर वळवलेली असतात, त्यामागचा हेतू याच प्रकारचा. वळण्यासाठी घार शेपटी पिळते, आणि ती दुभागलेली शेपटी खालून पाहताना सुकाणूसारखी हलताना स्पष्ट दिसते. पाच मिनिटं मान वर करून बघा. फुकट आहे.

इथे एका सैनिकाचं ऋण सांगायला हवं. आपल्याकडच्या घारीच्या उपजातीचं शास्त्रीय नाव आहे 'मिल्व्हस मायग्रान्स गोविंदा'. हे 'गोविंदा' दिलं विल्यम हेन्री साइक्स या बॉम्बे आर्मीच्या अधिकाऱ्याने. दख्खनची सांख्यिकी पाहणी करायला त्याला नेमलं होतं. त्याने माणसं आणि पिकांबरोबर पक्षीही मोजले, आणि १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. घोड्यावरून पुणे-नगर भागात हिंडणाऱ्या एका लेफ्टनंट कर्नलने आकाशाकडे पाहिलं आणि घारीला आपल्या मातीतलं नाव दिलं. पोस्टिंगवर आजूबाजूला बघावं, ही सवय त्यामुळे मी नियमबाह्य मानत नाही.

ज्यांच्या पंखात स्नायूच नाही

पक्ष्यांचा पंख म्हणजे हात. किड्याचा पंख मात्र हात नाही, पाय नाही, काहीच नाही. छातीच्या कवचातून निघालेला पातळ पापुद्रा, त्यात शिरांची जाळी. पंखात एकही स्नायू नाही. सगळं काम छातीच्या डबीत.

चतुर घ्या. लहानपणी आपण ज्याच्या शेपटीला दोरा बांधून 'हेलिकॉप्टर' उडवायचो तो. त्याचे स्नायू थेट पंखाच्या मुळाशी जोडलेले आहेत, आणि चारही पंख स्वतंत्रपणे चालवता येतात. म्हणून तो जागच्या जागी थांबतो, मागे सरकतो, झटक्यात काटकोनात वळतो. शिकार करताना तो माशीच्या मागे धावत नाही. माशी पुढच्या क्षणी जिथे असेल तिथे जातो. आमच्या भाषेत त्याला 'लीड देणं' म्हणतात, आणि चालत्या टार्गेटवर ते शिकवायला किती घाम गाळावा लागतो हे फायरिंग रेंजवर गेलेल्याला विचारा. चतुराचे शंभरातले नव्वदहून जास्त हल्ले यशस्वी होतात.

माशी, डास, मधमाशी यांची पद्धत वेगळी. त्यांचे मोठे स्नायू पंखाला जोडलेलेच नाहीत, ते छातीच्या डबीला जोडलेले आहेत. उभे स्नायू आवळले की डबीचं झाकण खाली दबतं आणि कडेचे पंख वर उचलले जातात. आडवे स्नायू आवळले की डबी फुगते आणि पंख खाली. डबी नुसती थरथरत राहते आणि पंख चालतात. चतुरात प्रत्येक फडफडीला मज्जातंतूचा एक हुकूम लागतो, म्हणजे सिंगल शॉट. माशीत एका हुकुमावर अनेक फडफडी होतात, कारण ताणला गेलेला स्नायू आपसूक पुन्हा आवळतो. म्हणजे ऑटोमॅटिक. ट्रिगर एकदा, गोळ्या अनेक. घरमाशी सेकंदाला दोनशेच्या आसपास पंख मारते, मधमाशी त्याहून थोडे जास्त, डास तर कित्येक शे. रात्री कानाशी येणारी ती गुणगुण म्हणजे तोंडाचा आवाज नाही, पंखांचा आहे.

माशीचे मागचे दोन पंख तर पंख राहिलेलेच नाहीत. त्यांच्या जागी गाठीच्या टाचणीसारख्या दोन काड्या आहेत, त्या पंखांच्या तालावर हलतात. माशी वळली की काड्या आपल्या मूळ दिशेत हलत राहू पाहतात, मुळाशी ताण येतो आणि माशीला कळतं की आपण किती कललो. हा जायरोस्कोप आहे. आज लग्नात फोटो काढणाऱ्या ड्रोनमध्येही तो असतो. आपण तो चिपमध्ये बसवला. माशीने कोट्यवधी वर्षांपूर्वी एक पंख मोडून केला.

मधमाशी उडूच शकत नाही असं विज्ञान सांगतं, ही गोष्ट तुम्ही व्याख्यानांत ऐकली असेल. "तिला हे माहीत नाही म्हणून ती उडते," असं म्हणून वक्ता टाळ्या घेतो. ही कथा १९३० च्या दशकातल्या एका ढोबळ हिशेबावरून आली. त्यात किड्याचा पंख विमानाच्या स्थिर पंखासारखा धरला होता. किड्याचा पंख स्थिर नसतो. तो प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी उलटा फिरतो आणि पुढच्या कडेवर हवेचा एक छोटा भोवरा धरून ठेवतो, आणि तो भोवरा त्याला वर खेचतो. केंब्रिजच्या चार्ल्स एलिंग्टन यांच्या गटाने १९९६ साली एका मोठ्या पतंगावर (दिव्यावरच्या!) हे दाखवून दिलं. तेव्हा तो वक्ता भेटला तर सांगा, विज्ञान मधमाशीला परवानगी देतं.

पावसाळा संपताना लखनौच्या मैदानांवर पिवळसर चतुरांचे थवे उतरतात. आपल्याकडेही माळरानावर दिसतात. यातली एक जात भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून आफ्रिकेला जाते, असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं. दोन बोटांच्या चिमटीत मावणारा जीव, खाली हिंदी महासागर. वाऱ्याची पाठ मिळते हे खरं. पण पंख त्याचेच.

कापतं म्हणजे नक्की काय कापतं

आता मूळ मुद्द्यावर येतो. घारीचा पंख उघडलेला असताना खांद्यापासून मनगटापर्यंत पुढची कड सरळ दिसते. आत हाडं तर कोपरात वाकलेली असतात. मग ती सरळ कड कशाची? ती कातडीची. खांदा आणि मनगट यांच्यामध्ये ताणलेला कातडीचा एक पडदा असतो आणि त्याच्या अगदी कडेने एक लवचिक नाडी गेलेली असते, तंबूच्या कडेतून दोर जातो तशी. याच पडद्यामुळे पंखाला पुढून गोलाई येते, ज्यावर सगळं उचलणं अवलंबून आहे.

गेल्या जमघटच्या दुसऱ्या दिवशी आमच्या लाइन्समागच्या कडुनिंबावर एक घार उलटी लटकलेली सापडली. दोरा पंखाच्या पुढच्या कडेवर गुंडाळलेला, आणि ती सुटायला धडपडेल तसा आत जाणारा. साताऱ्याकडचा एक जवान शिडी लावून वर गेला. "साहेब, ही फडफडतीय तेवढं हिचंच नुकसान होतंय," तो वरून म्हणाला. पोतं टाकून तिला खाली आणलं. माझा एक मित्र रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये आहे. घोडे आणि श्वान हा त्याचा विषय, पण त्याने हातमोजे घालून पंख उघडला आणि मला दाखवलं. चांगल्या बाजूचं कोपर त्याने सरळ केलं तर मनगट आपोआप उघडलं, पंखाची अख्खी पिसं पंख्यासारखी पसरली. दुसऱ्या बाजूचं कोपर सरळ केलं, मनगट अर्ध्यावर लोंबत राहिलं. कडेची नाडी तुटली होती. हाड शाबूत. एकही मोठं पीस गेलेलं नव्हतं.

मी विचारलं, पिसं तर पुन्हा येतात ना? तो म्हणाला, पिसं येतात. पीस म्हणजे नख किंवा केस, जुनं गळतं, नवं येतं. हे तसं नाही. कातडी शिवता येईल, जखम भरेलही, पण भरताना ती आकसते, आणि बांधून ठेवलेला सांधा आखडतो. मग तो म्हणाला, "चालणाऱ्या जनावराचा एक पाय थोडा आखूड झाला तर ते लंगडतं. हिचा एक पंख दोन बोटं कमी उघडला तर ही लंगडणार नाही. ही संपली."

हे वाक्य मी त्यानंतर बऱ्याचदा आठवलं आहे. हवेच्या खांबात गोल फिरणाऱ्या पक्ष्याला दोन्ही पंखांवर सारखी हवा लागते. घारीचं पोट उंचीवर अवलंबून आहे, उंची त्या कडेवर, आणि कड एका नाडीवर. ती घार वन विभागाच्या ताब्यात दिली. ती जगली, पण उडत नाही.

दिल्लीत वझीराबादमध्ये नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे भाऊ वर्षानुवर्षं अशाच घारींवर उपचार करत आहेत. शौनक सेन यांनी २०२२ साली त्यांच्यावर 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट केला आणि जगभर त्याचं कौतुक झालं. तो पाहिलात तर लक्षात येईल की हे एखाद-दुसऱ्या पक्ष्याचं दुर्दैव नाही. खोकी भरभरून पक्षी येतात.

सुती मांजाची पळवाट

राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही नायलॉन मांजाची स्वतःहून दखल घेतलेली आहे. बंदी योग्यच आहे. नायलॉन तुटत नाही, कुजत नाही, वर्षानुवर्षं झाडावर राहतो. त्यात धातूची पूड किंवा तार असली तर वेगळंच संकट. लखनौ मेट्रोच्या तारांमध्ये २५ हजार व्होल्ट असतात, आणि अशा मांजामुळे इथली मेट्रो अनेकदा बंद पडलेली आहे. लोक त्याला 'चायनीज मांजा' म्हणतात आणि शत्रूचं नाव मिळाल्याने समाधान पावतात. प्रत्यक्षात त्यातला बराचसा आपल्याच देशात तयार होतो.

पण काचेची पूड लावलेला सुती मांजा? तो 'पारंपरिक' म्हणून सुटतो. मला हे पटत नाही. पंखाच्या कडेची ती नाडी नायलॉनला ओळखत नाही आणि सुतालाही ओळखत नाही. ती धार ओळखते. सुती मांजा पावसाळ्यात कुजेल हा त्याचा गुण खरा. पण जमघट दिवाळीत आणि संक्रांत जानेवारीत. पावसाळा जूनच्या पुढे. मधल्या थंडीत इकडे घारींच्या विणीचा हंगाम असतो. घरट्यासाठी त्या काटक्यांबरोबर चिंध्या, दोरे, प्लॅस्टिक सगळं उचलतात. म्हणजे आपण गच्चीवरून सोडलेला दोरा घार स्वतः चोचीत धरून पिल्लांच्या अंथरुणात नेऊन घालते.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

पहिला रोजगाराचा. बरेली हे मांजाचं जुनं केंद्र. भाताची पेज, काचेची पूड, लांबच लांब ताणलेले दोरे आणि त्यांवर हात फिरवत दिवसभर चालणारे कारागीर. त्यांची बोटं रोज कापतात. नायलॉनने त्यांचं पोट आधीच मारलं आहे, आता सुती मांजाही बंद करा म्हणणारा मी कोण? मान्य. पण उपाय असा नसतो की धोकादायक वस्तू चालू ठेवा कारण ती बनवणारा गरीब आहे. साधा रंगीत दोरा, ज्याला इथे 'सद्दी' म्हणतात, त्यालाही कारागीर लागतोच. सण बंद होत नाही, पतंग बंद होत नाही, फिरकी बंद होत नाही. सरकारने बंदीचा कागद काढताना खरेदीचा आणि नव्या धंद्याचा कागदही सोबत काढावा, इतकंच. एकट्या बंदीने माल गुपचूप विकला जातो, हे आपण नायलॉनच्या बाबतीत पाहतोच आहोत.

दुसरा आक्षेप खेळाचा. धार नसेल तर पेच कसला? जुन्या शहरातल्या एका म्हाताऱ्या पतंगवाल्याला मी हेच विचारलं. त्याने हसून उत्तर दिलं की हल्लीची पोरं पेच लढवत नाहीत, दोरा लढवतात. ढील कधी द्यायची, खेच कधी मारायची, वारा कुठून पलटतोय हे ज्याला कळतं तो साध्या दोऱ्यानेही दोरा घासून काटतो, वेळ लागतो एवढंच. मला हे लष्करी दृष्टीनेही पटलं. हत्यार जितकं भयंकर, तितकं चालवणाऱ्याचं कसब कमी लागतं.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य रस्त्यावर गळ्याच्या उंचीवर तारा ताणून ठेवायचं, म्हणून अमेरिकन जीपच्या पुढच्या बंपरवर लोखंडाची उभी पट्टी लावायला लागले. ती तार आधी पट्टीला अडकून तुटायची. आज संक्रांतीच्या दिवसांत आपल्या शहरांत दुचाकीच्या हँडलवर तारेची कमान लावून लोक फिरतात, गळा वाचावा म्हणून. गळ्यात मफलर, पुढे लहान मुलाला बसवायचं नाही. म्हणजे शत्रूच्या प्रदेशात घ्यायची ती काळजी आपण आपल्याच सणात आपल्याच रस्त्यावर घेतो, आणि यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. आपल्याला निदान कमान लावता येते. घारीने पट्टी कुठे लावायची?

करता येईल असं

शासनाच्या पातळीवर गुजरातचं उदाहरण चांगलं आहे. तिथे २०१७ पासून उत्तरायणाच्या दिवसांत 'करुणा अभियान' चालतं. वन विभाग, पशुवैद्य आणि स्वयंसेवक मिळून उपचार केंद्रं लावतात. लखनौमध्ये जमघटला आणि आपल्याकडे येवला, नाशिक, नागपूरला संक्रांतीत हे सहज होऊ शकतं. पण मी प्रशासनाला सल्ला देण्याच्या जागेवर नाही. जे आपल्या हातात आहे ते सांगतो.

जमघटनंतरच्या सोमवारी आम्ही पीटीच्या वेळेत लाइन्समधली झाडं साफ केली. बांबूला आकडी बांधली आणि खालून दोरा ओढून गुंडाळला. घामही निघाला आणि पोतं भरून दोराही. आता हे दर वर्षी होईल. निवृत्त मंडळींच्या सोसायट्यांमध्ये, माजी सैनिकांच्या संघटनांमध्ये हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. शिस्त आहे, माणसं आहेत, सकाळी लवकर उठायची सवयही आहे.

पतंग उडवायचाच तर दुपारी उडवा. सकाळी आणि संध्याकाळी पक्ष्यांची ये-जा असते, तेव्हा आकाश त्यांचं. नातवाला फिरकी घेऊन द्या, पण दोरा साधा द्या. दुकानदाराने "साहेब, यात मजा नाही" म्हटलं तरी साधाच मागा. दहा जणांनी मागितला की तो ठेवायला लागेल.

आणि जखमी पक्षी सापडला तर: अंगावर जाड कापड टाका म्हणजे डोळे झाकले जातील आणि तो शांत होईल. दोरा ओढू नका, शरीराजवळ कात्रीने दोन्ही बाजूंनी कापा आणि रुतलेला भाग डॉक्टरवर सोडा. पंख उघडून बघू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, निवांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. वन विभागाला किंवा पशुवैद्याला कळवा, आणि त्याच दिवशी. जितका उशीर, तितका सांधा आखडतो.

घारीचं एक बरं आहे, ती कुणाला फारशी आवडत नाही. मोर नाही, सारस नाही, तिच्यावर कविता कमी आणि शिव्या जास्त. मटणाच्या दुकानाभोवती घिरट्या घालणारी, पोरांच्या हातातली पोळी पळवणारी. त्यामुळे तिच्यासाठी काही केलं तर त्यात दिखावा उरत नाही. गावभर पडलेली घाण उचलून ती आपली फुकट सेवा करते आणि बदल्यात तिला फक्त मोकळी हवा लागते. ती हवा आपण दोऱ्याने विणून टाकू नये, एवढंच मागणं आहे.